कुलूप घेण्याआधी किल्ल्या मोजा : लहान व्यवसायाची सायबर सुरक्षा, पायरी पायरीने

आमच्या एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. "पैसे पाठवून आठ दिवस झाले, पोच का देत नाही?" आमच्या खात्यात काहीच आलं नव्हतं. त्यांनी आलेलं बिल परत आम्हाला पाठवलं. बिल आमचंच, लोगो आमचा, मजकुराची धाटणी आमची आणि गेलेलंही आमच्याच सहकाऱ्याच्या ईमेल खात्यातून. फक्त बँक खात्याचा नंबर दुसऱ्याचा. रक्कम आमच्या सगळ्यांच्या एका महिन्याच्या पगाराएवढी होती.

नंतर उलगडा झाला तो असा. त्या सहकाऱ्याने ऑफिसच्या मेलला आणि कुठल्याशा वेबसाइटला एकच पासवर्ड ठेवला होता. ती वेबसाइट फुटली, पासवर्ड बाहेर आला. चोर सहा आठवडे आमची पत्रं निवांत वाचत बसला होता. त्याने मेलमध्ये एक नियमही करून ठेवला होता : या ग्राहकाचं पत्र आलं की ते इनबॉक्समध्ये न दिसता एका अडगळीतल्या फोल्डरमध्ये जावं. गंमत म्हणजे तीनच महिन्यांपूर्वी आम्ही चांगला महागाचा फायरवॉल, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कच्या दारावरचा राखणदार, बसवला होता. त्याने काम चोख केलं. पण चोर त्या दारातून आलाच नव्हता. तो जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातून, थेट मेलच्या लॉगिन पानावर, बरोबर पासवर्ड टाकून आत गेला.

आम्ही अकरा जण. स्वतंत्र आयटी विभाग नाही. "आयटीचं कोण बघतं?" असं विचारलं की सगळे माझ्याकडे बघतात, एवढीच माझी पात्रता. त्यानंतरचं दीड वर्ष मी जे केलं, ते आधी उलट्या क्रमाने केलं आणि मग सुलट्या. इथे फक्त सुलटा क्रम देतो. आधी यादी, मग ईमेल, मग बॅकअप. खरेदी सगळ्यात शेवटी.

"आमच्यासारख्या लहानांना कोण विचारतं?" हा प्रश्न मीही विचारायचो. २०१३ साली अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीतून सुमारे चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत शिरले ते त्यांचं वातानुकूलन आणि शीतकरण सांभाळणाऱ्या एका लहान ठेकेदाराच्या लॉगिनवरून. बऱ्याचदा तर कुणी आपल्याला निवडतही नाही. यंत्रं सगळ्या इंटरनेटची दारं ढकलून बघत असतात. उघडं सापडेल तिथे शिरतात.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- कर्मचाऱ्यांची यादी. गेल्या दोन वर्षांत सोडून गेलेल्यांसकट
- डोमेन (वेबसाइटचं नाव, ईमेलमधला @ नंतरचा भाग) कुठे नोंदवलंय, कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर, याचा कागद
- मेल सेवेचं, वेबसाइट होस्टिंगचं आणि राउटरचं अॅडमिन लॉगिन
- दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे कापून घेणाऱ्या सगळ्या ऑनलाइन सेवांची बिलं
- एक पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड कुलूपबंद सांभाळणारं अॅप), व्यवसायासाठीच्या योजनेतला
- दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क
- यूएसबीत लावायच्या दोन सुरक्षा किल्ल्या, निदान अॅडमिन खात्यासाठी
- कागद आणि पेन. हे थट्टेने लिहिलेलं नाही, शेवटच्या पायरीत कळेल.

आणि मालकाचा शब्द हवा. नियम मालकालाही लागू, हे पहिल्याच दिवशी वदवून घ्या. "मला तेवढं त्या ओटीपीतून सोड" असं मालक म्हणाला की बाकीचे दहा जण तेच म्हणणार.

१. किल्ल्यांची यादी करा

एक साधी तक्ता-फाइल उघडा. पाच रकाने करा : सेवा, लॉगिन कुणाकडे, अॅडमिन कोण, दोन टप्प्यांचं लॉगिन चालू आहे का, ही सेवा उद्या बंद पडली तर काय अडेल. संगणक, फोन, प्रिंटर, कॅमेरे हेही त्यात लिहा.

दोन दुपारी जातात आणि कंटाळा येतो. पण आमच्या निम्म्याहून जास्त भानगडी या यादीनेच बाहेर काढल्या. आमचं डोमेन चार वर्षांपूर्वी नोकरी सोडलेल्या एका मुलाच्या खासगी ईमेलवर नोंदवलेलं निघालं. मुलगा सज्जन, एका फोनवर सगळं बदलून दिलं. तो नसता सापडला तर? डोमेन हातचं गेलं की वेबसाइट जाते, मेल जातो आणि मेलवर येणारे सगळे "पासवर्ड विसरलात?"चे दुवेही दुसऱ्याच्या हाती जातात.

सोडून गेलेल्यांची चालू खाती सापडली की तिथल्या तिथे बंद करा. २०२१ साली अमेरिकेतली कोलोनिअल पाइपलाइन ही इंधनवाहिनी काही दिवस ठप्प झाली. चोर शिरले होते ते वापरात नसलेल्या, पण बंद न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून (व्हीपीएन म्हणजे बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये यायची बंदिस्त वाट). त्या खात्याला पासवर्डापलीकडे कुठलंच कुलूप नव्हतं.

२. ईमेल आधी

एकाच कामाला वेळ असेल तर हे करा. बाकी सगळ्या सेवांचे पासवर्ड मेलवरून बदलता येतात, म्हणजे मेल ही किल्ल्यांच्या खोलीची किल्ली.

प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. पासवर्डानंतर दुसरा पुरावा मागणारं. त्यातही प्रतवारी आहे. एसएमएसवर येणारा ओटीपी सगळ्यात कच्चा, कारण तुमच्या नावाने दुसरं सिम काढून तो पळवता येतो. तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरा. त्याहून चांगलं, फोनवरचं ऑथेंटिकेटर अॅप. सगळ्यात पक्की यूएसबी किल्ली किंवा पासकी (फोनमध्ये किंवा संगणकातच साठवलेली तशीच डिजिटल किल्ली), कारण ती नकली संकेतस्थळावर चालतच नाही. माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. अॅडमिन खात्याला किल्लीच लावा आणि दोन घ्या, एक तिजोरीत. लॉगिन अडकल्यावर वापरायचे राखीव कोड छापून त्याच तिजोरीत ठेवा. मी ते मेलमध्येच जपून ठेवले होते. घराची किल्ली घरात ठेवून दार ओढून घेण्यातला प्रकार.

एक सापळा इथे आहे. फोनवर "लॉगिन तुम्हीच करताय का?" अशी सूचना येते आणि फक्त "हो" दाबायचं असतं. चोर रात्रभर सूचना पाठवत राहतो, वैतागून कुणीतरी "हो" दाबतो. पडद्यावर दिसणारा आकडा फोनमध्ये टाकायला लावणारी सोय असेल तर ती चालू करा. आणि सगळ्यांना सांगून ठेवा : न मागता सूचना आली तर पासवर्ड फुटलाय असं समजा.

मग मेलच्या आतली झाडाझडती. प्रत्येकाच्या खात्यात ही ठिकाणं बघा :

- आपोआप पुढे पाठवण्याचे आणि फोल्डरात हलवण्याचे नियम. अनोळखी पत्त्यावर प्रत जाते का?
- खात्याला जोडलेली बाहेरची अॅप्स. कुणीतरी कधीतरी "परवानगी द्या" दाबलेलं असतं.
- परत मिळवण्यासाठी दिलेला फोन नंबर आणि दुसरा ईमेल.
- चालू सत्रं, म्हणजे कुठकुठल्या उपकरणांवर लॉगिन आहे.

शेवटच्या मुद्द्यावर आम्ही घसरलो. पासवर्ड बदलला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. पण आधीपासून चालू असलेलं चोराचं सत्र तसंच राहिलं होतं आणि पुढे पाठवण्याचा नियमही. पासवर्ड बदलून भागत नाही; "सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा" हे बटण दाबावं लागतं आणि नियम हाताने पुसावे लागतात. बाहेरच्या पत्त्यावर आपोआप मेल पाठवणं अॅडमिनकडून सगळ्यांसाठी एकदम बंद करता येतं. करून टाका.

राहिलं डोमेनचं. तुमच्या नावाने कुणीही बनावट पत्र पाठवू नये म्हणून डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची इंटरनेटवरची जाहीर नोंदवही) तीन नोंदी लागतात : एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. पहिली सांगते की आमची पत्रं कुठल्या सर्व्हरवरून निघतात, दुसरी पत्रावर सही करते, तिसरी सांगते की या कसोटीत न बसणाऱ्या पत्राचं काय करायचं. मेल सेवेच्या मदत-पानावर नेमक्या ओळी मिळतात. डीमार्क लगेच कडक करू नका. सुरुवातीला नुसतं निरीक्षण, अहवाल मागवून घ्या. काही आठवड्यांनी संशयित पत्रं स्पॅममध्ये, मग थेट नकार. आमच्या घाईपायी बिलं पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरची पत्रं दोन दिवस कुणालाच पोचली नाहीत, कारण त्या सॉफ्टवेअरचं नाव एसपीएफमध्ये घालायचं राहिलं होतं. आणि एसपीएफची नोंद डोमेनला एकच असावी लागते. दोन असल्या तर तपासणीच बाद होते.

३. पैशांचा एक नियम

याला ना संगणक लागतो ना खर्च, आणि आमची ती रक्कम याच एका नियमाने वाचली असती. बँक खात्याचा नंबर बदलल्याचं पत्र आलं की फोन करायचा. त्या पत्रात दिलेल्या नंबरावर नाही, आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरावर. साहेबांचं "मी मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब भर" असं पत्र आलं तरी फोन. साहेबांसारखा आवाज ऐकू आला तरी ठेवून उलटा फोन, कारण आवाजाची नक्कल आता सहज होते. ठरावीक रकमेपुढे दोन माणसांची मंजुरी.

आमच्या हिशेब सांभाळणाऱ्या ताईंना मालकाने सगळ्यांसमोर सांगितलं : खात्री करण्यात एक दिवस गेला म्हणून कुणी तुम्हाला एक शब्द बोलणार नाही. हे वाक्य त्या फायरवॉलपेक्षा जास्त कामाला आलं आहे. ग्राहकांनाही कळवा की आमचा खाते नंबर ईमेलवरून कधीही बदलणार नाही.

४. पासवर्ड

लांब आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा, बस. माणसाला तसे शंभर पासवर्ड लक्षात राहत नाहीत, म्हणून पासवर्ड मॅनेजर. त्याचा एक मुख्य पासवर्ड चार-पाच असंबद्ध शब्दांचा ठेवा आणि त्यालाही दोन टप्पे लावा. दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावण्याची जुनी रीत सोडून द्या. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही २०१७ च्या मार्गदर्शनात तेच म्हटलं आहे : फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावा. नाहीतर लोक शेवटचा १ काढून २ लावतात. आमच्याकडे एक गृहस्थ ७ पर्यंत पोचले होते.

कंपनीचे ईमेल कुठल्या जाहीर फुटीत सापडतात का, हे "हॅव आय बीन पोन्ड" या मोफत संकेतस्थळावर बघता येतं. पूर्ण डोमेनही तपासता येतं. निकाल बघून घाबरू नका; जुनी फूट असतेच. तो पासवर्ड आज कुठे वापरात आहे एवढंच शोधा.

५. बॅकअप, आणि तो परत आणून बघणं

खंडणीखोर विषाणू तुमच्या फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीचे पैसे मागतो. त्यावर भरवशाचा उतारा एकच, त्याच्या हाताला न लागणारी प्रत.

नियम जुना आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. पण लहान ऑफिसात तो पाळल्यासारखा वाटतो आणि पाळला गेलेला नसतो. तीन खोटे बॅकअप सांगतो, तिन्ही आमच्याकडे होते.

पहिला, क्लाउडवरचं फोल्डर. ते जुळवणी करतं, जपणूक नाही. इथली फाइल बिघडली की तिथली बिघडते, पुसली की पुसली जाते. जुन्या आवृत्त्या ठेवण्याची सोय असते, पण किती दिवसांच्या ते आधी बघून ठेवा.

दुसरा, कायम लावून ठेवलेली डिस्क. संगणकाला जी दिसते ती विषाणूलाही दिसते. म्हणून दोन डिस्क. एक लावलेली असताना दुसरी काढून ऑफिसबाहेर. दर आठवड्याला अदलाबदल.

तिसरा सगळ्यात फसवा. आमचा बॅकअप रोज "यशस्वी" असा हिरवा शेरा देत होता. परत आणायला गेलो तेव्हा कळलं की हिशेबाच्या सॉफ्टवेअरने मध्यंतरी आपला डेटा दुसऱ्या फोल्डरात हलवला होता. पाच महिने आम्ही एका रिकाम्या फोल्डराची इमानेइतबारे प्रत काढत होतो.

म्हणून दर तीन महिन्यांनी सराव करा. वेगळ्या संगणकावर, बॅकअपमधून हिशेबाची फाइल आणा, उघडा आणि कालची नोंद आहे का बघा. किती वेळ लागला तोही लिहा. दोन दिवस लागत असतील तर दोन दिवस धंदा कसा चालवायचा, हे आजच ठरवता येतं.

बॅकअपचं लॉगिन रोजच्या अॅडमिन लॉगिनपेक्षा वेगळं हवं. कोड स्पेसेस नावाची, लोकांचे सॉफ्टवेअर कोड सांभाळणारी एक कंपनी होती. जून २०१४ मध्ये चोराच्या हाती तिच्या क्लाउडचं नियंत्रण-पान लागलं. कंपनीने ते परत घ्यायचा प्रयत्न केल्यावर त्याने डेटा आणि बॅकअप दोन्ही पुसायला सुरुवात केली, कारण दोन्ही एकाच पानावरून दिसत होते. सुमारे बारा तासांत खेळ आटोपला. कंपनी बंद झाली.

६. अपडेट

आपोआप अपडेट चालू ठेवा आणि आठवड्यातून एकदा सगळ्यांचे संगणक बंद करून पुन्हा सुरू करायला लावा. "नंतर आठवण करा" दाबणाऱ्यांसाठी एक गोष्ट. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा विषाणू दीडशेच्या आसपास देशांत पसरला. तो ज्या भोकातून शिरत होता ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तसे संगणक यादीत रंगवून ठेवा आणि बदलायचा क्रम लावा. एखादं जुनं यंत्र त्याच संगणकावर चालत असेल आणि बदलणं शक्यच नसेल, तर तो संगणक इंटरनेटपासून तोडा. त्यावर मेल बघणं बंद.

७. राउटर, वायफाय आणि दुरून काम

राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आज बदला. २०१६ च्या मिराय विषाणूने असे साठेक ठरीव पासवर्ड आजमावून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पाहुण्यांचं वायफाय वेगळं. कॅमेरे आणि टीव्हीही त्याच्यावरच टाका. राउटरचं पान बाहेरून उघडण्याची सोय बंद ठेवा.

घरून ऑफिसच्या संगणकावर येण्यासाठी कुणी "रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट (दुरून संगणक चालवायचं दार) उघडून देतो, दोन मिनिटांचं काम" असं म्हटलं तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा. इंटरनेटला उघडं पडलेलं हे दार खंडणीखोरांचं फार आवडतं आहे. व्हीपीएन वापरा, त्यालाही दोन टप्पे लावा आणि त्या व्हीपीएनच्या उपकरणाची अपडेट विसरू नका.

८. माणसं

रोजच्या कामाला अॅडमिन खातं वापरायचं नाही. प्रत्येकाचं साधं खातं, सॉफ्टवेअर टाकायचं तेव्हाच अॅडमिनचा पासवर्ड. सुरुवातीला आठवडाभर कुरकुर होते, मग थांबते. प्रत्येकाला कामापुरतंच दिसलं पाहिजे. डिझाइन करणाऱ्याला पगारपत्रक दिसायचं कारण नाही.

लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट करा (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी कुलूपबंद करा), म्हणजे चोरीला गेला तर फक्त लॅपटॉप जातो, माहिती जात नाही. पण ते चालू करताना मिळणारी रिकव्हरी की आधी छापा. आमच्या एका लॅपटॉपने अपडेटनंतर ती मागितली आणि ती कुणाकडेच नव्हती.

कुणी नोकरी सोडतो त्या दिवसासाठी एक पानाची यादी हवी : कोणती खाती बंद, कोणते सामायिक पासवर्ड बदलायचे, काय परत घ्यायचं. निरोपाच्या भाषणाआधी ती पुरी झाली पाहिजे.

आणि प्रशिक्षण. तासाभराचं व्याख्यान ठेवलं, लोक झोपले. आता महिन्यातून एकदा खरंखुरं आलेलं एक फसवं पत्र सगळ्यांना दाखवतो, दहा मिनिटं. कुणी चुकून दुव्यावर क्लिक केलं तर त्याने लाजेने लपवू नये, एवढीच खरी शिकवण. त्यामुळे क्लिक केलेल्याला आम्ही रागवत नाही. दोन दिवस गप्प बसलेल्याला मात्र विचारतो.

९. घटना घडली तर : एक कागद

छापील. संगणक बंद पडलेला असताना संगणकातली योजना कशी वाचणार? आमच्या कागदावर हे आहे :

१. नेटवर्क तोडा. केबल काढा, वायफाय बंद. शक्य असेल तर संगणक बंद करू नका. तपासाला लागणारे पुरावे मेमरीत असतात.
२. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला बँकेला फोन, नंतर पोलिसांत तक्रार. इथे तासाला किंमत असते.
३. पडद्याचे फोटो काढा, वेळ लिहा. काहीही पुसू नका.
४. स्वच्छ उपकरणावरून मेल अॅडमिनचा पासवर्ड बदला, सगळी सत्रं बंद करा.
५. बॅकअपची डिस्क लगेच जोडू नका. आधी संगणक स्वच्छ करा.
६. खंडणी मागितली असेल तर "नो मोअर रॅन्सम" हे संकेतस्थळ बघा. युरोपोल (युरोपीय संघाची पोलीस संस्था) आणि डच पोलीस २०१६ पासून त्यात आहेत. काही विषाणूंची किल्ली तिथे फुकट मिळते. पैसे भरूनही फाइली परत मिळतीलच असं नाही.
७. कुणाला कळवायचं : ग्राहक, विमा कंपनी, वकील, आणि माहिती फुटल्यास कायद्याने ज्यांना कळवावं लागतं ते. मुदती आपल्या वकिलाकडून आधीच लिहून घ्या.

एवढं झाल्यावर खरेदीला निघा. तोवर तुमच्या लक्षात येईल की विकणारा जे दाखवतो त्यातलं बरंचसं तुमच्या मेल सेवेत आणि विंडोजमध्ये आधीच आहे, फक्त चालू केलेलं नाही. विंडोजसोबत येणारं अँटिव्हायरस अकरा माणसांच्या ऑफिसला बऱ्यापैकी पुरतं. आमचा फायरवॉल आहे अजून, काढला नाही.

कागद प्रिंटरच्या वर चिकटवलाय, एक प्रत मालकाच्या घरी. दर सहा महिन्यांनी त्यावरचे फोन नंबर एकेक करून लावून बघतो. गेल्या खेपेला दोन बंद निघाले.